मनाचा वैद्य कसा घडतो

हृदयाच्या डॉक्टराकडे ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र असते, हाडांच्या डॉक्टराकडे क्ष-किरणांचे छायाचित्र असते, आणि कोणत्याही साध्या दवाखान्यात गेले तरी निदान छातीला लावावयाची नळी तरी असते. मनोविकारांच्या डॉक्टरासमोर मात्र एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि कोरा केस-पेपर याखेरीज काही दिसत नाही. तो विचारतो, ऐकतो आणि लिहून घेतो. हे पाहून पुष्कळांच्या मनात एक शंका येते, आणि ती अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. विचारणे आणि ऐकणे हे तर आपण सारेच करतो. वाड्यातली पोक्त आजी करते, शाळेतले जुने मास्तर करतात, देवळातले बुवाही करतात. मग एम. बी. बी. एस. ची साडेपाच वर्षे पुरी केल्यावर याच गोष्टीसाठी एखाद्याने आणखी तीन वर्षे का घालवावीत? आणि त्या तीन वर्षांत तो शिकतो तरी काय? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. मनोविकार कोणते व ते कशाने होतात, हा निराळा आणि मोठा विषय आहे. त्यात मी शिरणार नाही.

वैद्यकाच्या इतर शाखांत उपकरण एक आणि ते वापरणारा दुसरा, असे असते. या शाखेत डॉक्टर हाच उपकरण असतो. त्याचे कान, त्याचे डोळे, त्याचा प्रश्न विचारण्याचा सूर, आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या स्वतःच्या मनात जे उमटते ते, एवढ्यावरच त्याला निदान करावयाचे असते. आता, बाजारातून तराजू आणला म्हणजे लगेच माल तोलता येत नाही. वजनमापे खात्याकडून तो तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि मुदत संपली की पुन्हा तपासून घ्यावा लागतो. रोग्याच्या सान्निध्यात, वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखाली मिळणारे जे शिक्षण, ज्याला क्लिनिकल ट्रेनिंग असे म्हणतात, ते म्हणजे हा शिक्का होय.

हा शिक्का दोन गावांत दोन तऱ्हेचा पडला तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९६० नंतरच्या दशकात असे लक्षात आले की, अमेरिकेतील मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रोगी इंग्लंडच्या मानाने फारच जास्त दाखल होतात. उलट इंग्लंडमध्ये उन्माद आणि खिन्नता आलटून पालटून येणाऱ्या विकाराचे, म्हणजे ज्याला आज बायपोलर म्हणतात त्याचे, रोगी फार जास्त दिसतात. अटलांटिक समुद्राच्या अलीकडे व पलीकडे माणसांची मने एवढी निराळी असतात काय? की निराळे आहेत ते डॉक्टर? याचा छडा लावण्यासाठी दोन्ही देशांतील संशोधकांनी न्यूयॉर्क व लंडन येथे नव्याने दाखल होणाऱ्या रोग्यांना एकाच ठरलेल्या प्रश्नावलीने तपासले. तेव्हा तो मोठा फरक बहुतांशी नाहीसा झाला! रोगी पुष्कळसे सारखेच होते, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या निराळ्या होत्या. पुढे काही रोग्यांच्या मुलाखतींची चित्रफीत दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखविण्यात आली. काही रोग्यांबद्दल सर्वांचे एकमत झाले. परंतु एका रोग्याच्या बाबतीत बहुसंख्य अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असे लिहिले, आणि ब्रिटिश डॉक्टरांपैकी तसे लिहिणारा जवळजवळ कोणीही नव्हता. या अभ्यासाचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला.

ही केवळ पंडितांची चर्चा आहे, असे समजू नये. उन्मादाच्या विकारावर लिथियम गुणकारी आहे हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली दाखविले होते. म्हणजे ज्या रोग्यावर चुकीची चिठ्ठी पडली, त्याला नेमके औषध मिळावयाचे ते मिळाले नाही, आणि ज्याची गरज नाही ते वर्षानुवर्षे घ्यावे लागले. त्या डॉक्टरांत कोणी आळशी नव्हते, निष्काळजी नव्हते. त्यांना त्यांच्या गुरूंनी जसे पाहावयास शिकविले होते, तसे ते पाहत होते.

या धड्याचे दोन परिणाम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतील डॉक्टरांना एकाच पद्धतीने मुलाखत घेण्याचे शिक्षण देऊन स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास हाती घेतला. त्यातील एक केंद्र आपल्याकडील आग्रा हे होते. आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपली निदानसूची नव्याने काढून प्रत्येक विकारासाठी कोणती लक्षणे हवीत, किती हवीत आणि किती काळ हवीत हे नेमून दिले. सूची झाली हे चांगलेच झाले. परंतु सूची पाठ असणे म्हणजे रागाचे आरोह-अवरोह पाठ असण्यासारखे आहे. तेवढ्याने कोणाला गाता येत नाही.

गुरूच्या समोर बसून शिकण्याची ही पद्धत कशी आली, हे थोडक्यात सांगतो. जर्मनीत हायडेलबर्ग व पुढे म्यूनिक येथे एमिल क्रेपेलिन हे प्रत्येक रोग्याचे एक स्वतंत्र कार्ड ठेवीत आणि पुढे वर्षानुवर्षे त्या रोग्याचे काय झाले याची त्यावर नोंद करीत. आजचे लक्षण नव्हे, तर आजाराची सबंध वाटचाल पाहावयाची, हा धडा त्यांच्यापासूनचा. त्याच हायडेलबर्गमधील कार्ल यास्पर्स या तिशीतल्या डॉक्टराने १९१३ साली एक ग्रंथ लिहून, रोग्याचा अनुभव त्याच्या आत शिरून समजून घेणे आणि त्याची कारणे बाहेरून शोधणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे बजावले. हे गृहस्थ पुढे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झाले. आणि लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात, विशेषतः १९४६ साली तेथे प्राध्यापक झालेल्या ऑब्रे लुइस यांच्या हाताखाली, केस लिहिण्याची व ती सर्वांसमोर मांडण्याची शिस्त इतकी कडक झाली की, तिचा धाक तेथून शिकून परतलेल्या डॉक्टरांबरोबर आपल्याकडेही आला.

आपल्या देशात रांचीला १९१८ साली युरोपियन रोग्यांसाठी जे इस्पितळ निघाले, त्याला लंडन विद्यापीठाच्या पदविकेच्या शिक्षणासाठी १९२२ साली मान्यता मिळाली होती. परंतु स्वतःची अशी शिक्षणाची सोय व्हावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी मनोरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा एवढ्या खंडप्राय देशात सारी मिळून १९ मनोरुग्णालये आणि सुमारे दहा हजार खाटा होत्या. समितीने १९४६ च्या अहवालात या विषयाच्या शिक्षणाची तजवीज करावी असे सुचविले, आणि १९५४ साली बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तिथे पुढच्याच वर्षी पदविकेचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ पासून ती निम्हान्स या नावाने ओळखली जाते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट, माझ्या मते, दुसरी आहे, आणि तिचा गवगवा कमी झाला. कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर कॉलेजात, गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी १९३८ साली, साध्या सार्वजनिक इस्पितळातच मनोविकारांचा विभाग उघडला. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मोठ्या मनोरुग्णालयांच्या भिंतींआड जो उमेदवार शिकेल, त्याला प्रामुख्याने जुने, हाताबाहेर गेलेले आजार दिसणार. सार्वजनिक इस्पितळाच्या ओपीडीत त्याला सगळेच दिसते. परीक्षेच्या आधी हात थरथरणारी मुलगी दिसते, बाळंतपणानंतर बाळाकडे न पाहणारी सून दिसते, विसरभोळे झालेले आजोबा दिसतात, आणि ज्याच्या पोटदुखीचे कारण पोटात नाही असा हमालही दिसतो. शेजारच्या वॉर्डातून हाक आली की धावावेही लागते. डॉक्टर घडतो तो तिथे.

आता त्या तीन वर्षांत शिरू. पहिले वर्ष बहुतेक हिस्टरी घेण्यात, म्हणजे आजाराची हकीकत विचारून घेण्यात जाते, आणि ते वाया गेले असे उमेदवाराला वाटते. ते तसे नाही. "आजार कधी सुरू झाला?" या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळविणे हे सर्वांत कठीण काम आहे. नातेवाईक म्हणतात, "लग्न झालं आणि सुरू झालं बघा." नवा डॉक्टर तसे लिहून मोकळा होतो. मुरलेला डॉक्टर विचारतो, "गेल्या गणपतीत आरतीला उभी राहत होती का? दिवाळीचा फराळ कोणी केला? त्याआधीच्या संक्रांतीला वाणासाठी बायका बोलावल्या होत्या का?" आपल्याकडे घरातला काळ तारखांनी मोजला जात नाही, सणांनी मोजला जातो. असे मागे मागे जाता कळते की, मुलगी लग्नाच्या दीड वर्ष आधीच मैत्रिणींत जाईनाशी झाली होती, आणि लग्न झाल्यावर सुटेल या आशेनेच ते उरकले गेले होते. आता निदान बदलते, औषधाची मुदत बदलते, आणि सासरच्या माणसांवरचा आरोपही बदलतो.

दुसरी शिस्त अशी की, रोगी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहावयाचे. 'रोगी संशयी आहे' असे केस-पेपरवर लिहिले की, वरिष्ठ डॉक्टर पहिला प्रश्न करतात, "तो काय म्हणाला?" शेजारी आपल्याबद्दल वाईट बोलतात असे म्हणाला, की आपल्या डोक्यातला विचार शेजाऱ्यांना आपोआप कळतो असे म्हणाला? यातले पहिले वाक्य कोणत्याही चाळीत ऐकू येईल, आणि ते पुष्कळदा खरेही असते. दुसरे वाक्य हे एका गंभीर आजाराचे लक्षण असू शकते. 'संशय' या एका शब्दात दोन्ही बुडून जातात.

यासाठी भाषा यावी लागते, आणि ती पुस्तकी मराठी नव्हे. काळजात लकलक होते, जीव थाऱ्यावर नाही, डोक्यातून वाफा येतात, अंगाची आग होते, कशात म्हणून मन लागत नाही; दुःख सांगण्याच्या या आपल्या तऱ्हा आहेत. अखिल भारतीय परीक्षेतून परप्रांतातील जे विद्यार्थी महाराष्ट्रात येतात, त्यांना पहिले सहा महिने औषधांपेक्षा या शब्दांनीच हैराण केलेले असते. तरुण मुलगा खाली मान घालून 'धातू जाते' म्हणतो, तेव्हा त्याला लघवीच्या तपासण्या नको असतात, चंदीगडचे डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या तक्रारीला वैद्यकात स्वतंत्र नाव दिले, आणि आता ते जगभर माहीत आहे. उलट, नवरात्रात अंगात येणाऱ्या बाईला, किंवा नवरा वारल्यावर पंधरवडाभर त्याची हाक ऐकू येणाऱ्या विधवेला, जो उमेदवार तत्काळ रोगी ठरवील त्याचे शिक्षण अर्धे राहिले असे समजावे. जे ऐकू येते ते तिच्या जगात, तिच्या माणसांत बसते की नाही, आणि तिचे रोजचे व्यवहार चालले आहेत की नाही, हे पाहावयाचे असते.

मग मनाची प्रत्यक्ष तपासणी. पेहराव, बोलण्याची गती, चेहऱ्यावरचा भाव, विचारांची सांगड, भास, स्मरण, आणि 'मला काही झाले आहे' याची जाणीव, अशा क्रमाने ती चालते. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असे वजा करीत जावयास सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीला हे विचारणे हास्यास्पदच, तिला विचारावयाचे की, "दोन जुड्या मेथी घेतल्या, शंभराची नोट दिली, परत किती यायचे?" अशिक्षित वृद्धांसाठी हिंदीत मुद्दाम तयार केलेली एक तपासणी १९९५ साली प्रसिद्ध झाली, ती याच अडचणीतून. म्हणींचाही उपयोग होतो. "नाचता येईना अंगण वाकडे म्हणजे काय?" याचे उत्तर कोणी "अंगण सारवून सरळ करून घ्यावं" असे दिले, तर त्याचे मन शब्दाच्या पलीकडे जात नाही, अशी शंका घेता येते. शंकाच बरे का, निर्णय नव्हे. म्हण कधी ऐकलीच नसेल तर तीच गत होते.

आता एक गोष्ट जी लोकांना सहसा माहीत नसते. मनोविकारतज्ज्ञाच्या शिक्षणात शरीराकडे पाहण्याचे शिक्षण फार मोठे आहे, आणि 'आधी शरीर' हा पहिला नियम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांतील कितीतरी रोगी एका विशिष्ट तऱ्हेच्या वेडाने व पक्षाघाताने मरत. नोगुची आणि मूर यांनी १९१३ साली त्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखविले, आणि पुढे पेनिसिलीन आल्यावर तो आजार दुर्मीळ झाला. म्हणून उमेदवाराला मेंदूविकार विभागात व औषधवैद्यकाच्या वॉर्डात काही काळ काम करावे लागते. थायरॉइडची ग्रंथी मंदावली तर माणूस उदास दिसतो, ब-१२ जीवनसत्त्व कमी झाले तर स्मरण जाते, फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे की त्यात झटका येत नाही, वागणेच विचित्र होते.

याची खरी परीक्षा रात्रीच्या कॉलला होते. समजा, मांडीचे हाड मोडून एक पन्नाशीचे गृहस्थ दाखल झाले आहेत. दोन दिवस ठीक. तिसऱ्या रात्री ते चादरीवरचे किडे झटकू लागतात, सलाईन ओढून काढतात, बायकोला ओळखत नाहीत. वॉर्डातून निरोप येतो, "पेशंट वेडा झाला, घेऊन जा." दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर झोपेतून उठून जाते. हात थरथरताहेत, घाम फुटला आहे, नाडी जलद आहे. ती नातेवाईकांना बाजूला घेऊन विचारते, "रोज किती घेत होते?" सगळे गप्प. दाखल करताना "नाही, नाही, कधीमधी" असे सांगितलेले असते. शेवटी मुलगा सांगतो, "रोज. सकाळपासून." दारू एकाएकी तुटल्याने दोन ते चार दिवसांत येणारा हा वात आहे; तो न ओळखला तर माणूस दगावू शकतो, आणि ओळखला तर योग्य गुंगीचे औषध व थायमिन देऊन बहुधा काही दिवसांत ताळ्यावर येतो. त्या डॉक्टरला हे पुस्तकात वाचून आधीच ठाऊक होते. परंतु घरच्यांच्या गप्प बसण्यातून उत्तर काढणे तिला कोणीतरी करून दाखविलेले असावे लागते.

यापेक्षाही अवघड एक प्रश्न आहे, आणि तो विचारावयास शिकणे हा माझ्या दृष्टीने या सबंध शिक्षणाचा कणा आहे. तो म्हणजे मरणाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, आणि सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात झाल्या. प्रत्येक नव्या डॉक्टराला भीती वाटते की, आपण विचारले तर नसलेला विचार रोग्याच्या डोक्यात भरवून देऊ. ही भीती निराधार आहे. विचारल्याने तसा विचार उत्पन्न होतो असे अभ्यासांत आढळलेले नाही, उलट पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. पण भीती निराधार आहे हे माहीत असूनही जीभ अडखळते. "तसं काही मनात येत नाही ना?" असे नवखा डॉक्टर विचारतो. या 'ना' मध्येच उत्तर सांगून झालेले असते. रोगी सभ्यपणे "नाही" म्हणतो. मग वरिष्ठ शेजारी बसून करून दाखवितात. आधी, "इतकं सोसताना कधी जगणं नको वाटतं का?" मग, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मग, "कसा, ते ठरवलं आहे का? घरात औषध आहे का फवारणीचं?" आवाज न चढवता, नजर न चुकवता, एकेक पायरी. उत्तर 'हो' आले तर पुढे काय करावयाचे, कोणाला बोलवावयाचे, फवारणीचा डबा कुठे हलवावयाचा, हेही तिथेच शिकावयाचे. वीस-पंचवीस वेळा हे ऐकल्यावर व स्वतः केल्यावर तो 'ना' गळून पडतो.

उपकरण हे माणूसच असल्यामुळे त्याच्याही तपासणीची सोय हवी. काही रोग्यांचा उमेदवाराला राग येतो, काहींची दया इतकी येते की त्याला रात्री झोप लागत नाही, आणि दोन्हींमुळे निदान वाकडे जाते. मायकेल बालिंट यांनी लंडनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट जमवून, आपल्या रोग्याविषयी स्वतःला काय वाटते हे मोकळेपणी बोलावयास लावले. १९५७ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. चांगल्या शिक्षणसंस्थांत आठवड्याची केस-परिषद असते, लॉगबुक असते, प्रबंध असतो. परंतु एका रोग्याशी महिनोन्महिने बोलून उपचार करण्याचे, म्हणजे खऱ्या मानसोपचाराचे, देखरेखीखालील शिक्षण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तोकडे पडते. ओपीडीत शंभर रोगी रांगेत असले की प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात, आणि उमेदवार गोळ्या लिहिण्यात तरबेज होतो. हे दूषण मी उमेदवाराला देत नाही.

एका बाबतीत मात्र आपण जगाला काही शिकविले आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा नव्हती, माणसे नव्हती. तेव्हा १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाईकांनाच बरोबर राहावयास बोलाविले. ते रोज त्यांच्याशी बोलत, आजार समजावीत. रोगी लवकर घरी जाऊ लागले, आणि घरच्यांची भीती गेली. पाश्चात्त्य पुस्तकात नातेवाईक हा माहिती देणारा एक इसम असतो. आपल्या उमेदवाराला तो उपचारातला भागीदार म्हणून वागवावयास शिकावे लागते. इकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, तो रोग्याला स्वतःचे मत, गुप्तता आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देतो. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यासही त्याने मनाई केली आहे. सिनेमात दिसतो तसा झटका आता गुन्हाच ठरेल. त्यामुळे वडील म्हणतात, "आम्हाला सगळं सांगा," आणि मुलगा म्हणतो, "त्यांना काही सांगू नका," अशा वेळी काय करावे, हे कायद्याचे कलम वाचून सुटत नाही. ते दोघांना एका खोलीत बसवून सोडवावयाचे असते.

अशा रीतीने घडलेले डॉक्टर किती आहेत? लाख लोकांमागे एकही नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत (त्यांत महाराष्ट्र नव्हता) केलेल्या पाहणीत असे आढळले की, दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि अशा शंभरांतील ८३ जणांना उपचार मिळत नव्हते. तज्ज्ञांची संख्या एवढी वाढणे माझ्या हयातीत शक्य दिसत नाही. म्हणून पहिला भार आपल्या गल्लीतील फॅमिली डॉक्टरावरच पडणार. परंतु एम. बी. बी. एस. ला या विषयाची स्वतंत्र परीक्षा नाही; तो औषधवैद्यकाच्या पेपरातील एक कोपरा आहे. जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत, हे सांगावयास मानसशास्त्र लागत नाही. अलीकडे इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे या विभागात काम सक्तीचे झाले आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. हे दोन्ही बदल चांगले आहेत. त्या तीन महिन्यांत त्याला कळते की, बस चुकेल म्हणून रोगी हकीकत अर्धी टाकून उठतो, आणि महिन्याच्या गोळ्या न मिळाल्याने आजार उलटतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनीची सरकारी सेवाही चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, तो टिपून घ्यावा.

शिकविणाऱ्या सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयात आपण आपले माणूस घेऊन गेलात तर काय होईल, ते सांगून ठेवतो. एक तरुण डॉक्टर पाऊण तास सगळे विचारील. मग त्याच्या वरचा येऊन त्यातले निम्मे पुन्हा विचारील. मग प्राध्यापक येतील आणि त्यातले चार प्रश्न तिसऱ्यांदा करतील. लोक चिडतात, "एकदा सांगितलं ना!" असे म्हणतात. पण पहिल्या वेळी दडवलेली दारू किंवा कर्ज बहुधा दुसऱ्या वेळी बाहेर पडते, आणि पहिल्या डॉक्टराने कुठे कमी विचारले ते त्याला तिथेच समजते. विद्यार्थ्यांसमोर बोलावयाचे नसेल तर रोग्याने तसे स्पष्ट सांगावे. त्यामुळे त्याचा उपचार अडत नाही. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. आणि जिने रोग्याबरोबर सर्वांत जास्त दिवस-रात्र काढली आहेत, ती बाई, मग ती आई असो, बायको असो वा थोरली बहीण, बरोबर असावी. ती बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेली असते आणि मोठ्याने बोलत असतात ते काका. आमचा पहिल्या वर्षाचा उमेदवार काकांचेच लिहून घेतो. आपणच त्याला सांगावे की, आधी हिला विचारा.